पाटीवर लोणी लिहिलं होतं

बी.एड. झाले त्या उन्हाळ्यात मला एक वेगळीच नोकरी लागली. शाळेतली नव्हे, नर्सरीतली. बालवाडीला नर्सरी म्हणतात ती नव्हे. टोमॅटो, झेंडू, ढोबळी मिरची यांची रोपं ट्रेमध्ये वाढवून शेतकऱ्यांना विकतात ती. आमच्या पिंपळवंडीतच होती, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

पुण्याच्या एका संस्थेनं उन्हाळ्यापुरती एक योजना काढली होती. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतली, दहावीला गटांगळी खाल्लेली, घरची बेताची असलेली मुलंमुली घ्यायची, त्यांना नर्सरीत सकाळचं काम द्यायचं, त्याचा पगार द्यायचा, आणि दुपारी त्यांचं मागं राहून गेलेलं शिक्षण भरून काढायचं. ते भरून काढायचं काम माझ्याकडे होतं. दुपारच्या वर्गाला दांडी मारली तर त्या दिवसाचा पगार नाही, अशी संस्थेची अट होती. त्यामुळे वर्ग भरायचा हे नक्की होतं. शिकणं होईल का, याची मात्र कुणालाच खात्री नव्हती.

नर्सरीचे मालक पन्नाशीचे, बोलायला मोकळे. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं, मीही म्हणायचे. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "मॅडम, ही पोरं सकाळपासून ट्रे भरणार, पाणी मारणार. जेवण झाल्यावर तुमच्यापुढं बसली की पेंगणार. मीच पेंगतो, तिथं त्यांचं काय!"

वर्ग पॅकिंग शेडमध्ये भरायचा. कोकोपीटच्या पोत्यांच्या थप्प्या होत्या, त्यांवरच मुलं बसायची. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. रोपं मातीत न लावता त्यात लावतात. त्याचा ओलसर वास अजूनही कुठं आला की मला तो वर्ग आठवतो. एका बाजूला फळा टेकवलेला, वर पत्रा तापलेला, आणि कोपऱ्यात एक मोठा पंखा, जो चालू केला की माझा आवाज मागं पोचायचा नाही आणि बंद केला की कुणी जागं राहायचं नाही.

कुणाला काय येतं हे आधी बघावं म्हणून मी चौथीच्या जुन्या पुस्तकातला एक धडा आणला होता. एकेकाला थोडं थोडं वाचायला सांगितलं. बरेच जण अडखळले. एक मुलगी मात्र घडाघडा वाचून गेली. डिंभ्याची होती, धरणाकाठची. सतरा वर्षांची, किरकोळ अंगाची, पण आवाज असा खणखणीत की पंखा चालू असूनही मागच्यांना ऐकू गेला. मी मनात म्हटलं, हिला कुणी नापास केलं?

तेवढ्यात माझं तिच्या हाताकडं लक्ष गेलं. पान संपलं होतं, आणि पुढच्या पानावरचं अख्खं वाक्य म्हणून झाल्यावर तिनं पान उलटलं.

मी पुढच्या मुलाला वाचायला सांगितलं. पण ती गोष्ट डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि म्हटलं, आज पोत्यावर काय छापलंय ते वाचू. पोत्यावर मराठीत सूचना होत्या: किती पाणी घालायचं, किती वेळ भिजवायचं. तिची पाळी आली तशी तिला तहान लागली. पाणी पिऊन आली तर शेजारी बसणारी तिची मैत्रीण म्हणाली, "मॅडम, मीच वाचते, तिचा घसा बसलाय." ही मैत्रीण तिच्याच खोलीत राहायची. लांबून आलेल्या मुलींची राहायची सोय भाऊंनी नर्सरीच्या मागच्या खोल्यांत केली होती. शनिवारी दुपारी त्या घरी जायच्या, सोमवारी सकाळी परत.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवून घेतलं.

"कालचा धडा तुला पाठ आहे ना?"

ती खाली बघून म्हणाली, "व्हय."

"तो एकच?"

"न्हाई. जे कुणी मोठ्यानं वाचलं ते समदं ऱ्हातंय माझ्या ध्यानात."

"आणि पुस्तकात बघून?"

तिनं पोत्याचा सुटलेला दोरा ओढला. मग म्हणाली, "मॅडम, पगार कापणार का माजा?"

पगार कापायचा काही संबंधच नाही, हे मी तिला सांगितलं. खरं तर मला तिची कीव यायला हवी होती, किंवा तिच्या शाळेचा राग. दोन्ही नंतर आलं. पण त्या वेळी मला सगळ्यांत जास्त काही वाटलं असेल तर ते कुतूहल. दहावीपर्यंत पोचलेल्या मुलीला वाचता येत नाही, आणि हे कुणाला कळलंही नाही, हे घडतं तरी कसं?

पुढच्या दिवसांत ते तिनंच मला थोडं थोडं करून सांगितलं. फळ्यावरचं ती हुबेहूब उतरवून घ्यायची, चित्र काढावं तसं. अक्षर इतकं सुबक की गुरुजी ते इतर मुलांना दाखवायचे. तोंडी विचारलं की उत्तर तयार. आठवीपर्यंत कुणाला मागं ठेवतच नव्हते. नववीत वर्गातल्या एका मैत्रिणीच्या शेजारी बसून निभावलं. दहावीच्या परीक्षेत मात्र प्रश्न काय विचारलाय हेच कळेना, तेव्हा तिनं प्रश्नपत्रिकाच सुंदर अक्षरात उत्तरपत्रिकेत उतरवून काढली.

हे सांगताना ती हसली. मीही हसले, पण घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही.

तिच्यासाठी मी वेगळी वेळ काढली. वर्ग सुटला की आम्ही दोघी शेडनेटमध्ये, हिरव्या जाळीच्या सावलीत, ट्रेच्या रांगांमध्ये बसायचो. संस्थेनं दिलेल्या पुस्तकांना मी हातच लावला नाही. मोठ्यानं वाचलं की तिला ते पाठ व्हायचं, आणि पाठ झालं की डोळे कामच करायचे नाहीत. म्हणून मी रोज नवे शब्द न्यायचे, कधीही न बोललेले. ट्रेमध्ये खोचायच्या पांढऱ्या पट्ट्यांवर लिहायचे. झेंडू. फ्लॉवर. मिरची. कधी गावांची नावं. पट्टी तिच्या हातात द्यायची आणि आपण गप्प बसायचं.

गप्प बसणं मला फार जड जायचं.

एकदा मी तिला विचारलं, "अक्षराकडं बघतेस तेव्हा होतं काय नेमकं?"

तिनं विचार करून सांगितलं, "एकेक कळतंय. पण पुढच्याकडं गेलं की मागचं इसरतंय. परत मागं यावं तर पुढचं जातंय. आणि ह्ये दोघं लई तरास देत्यात." ते दोघं म्हणजे भ आणि म. तसेच घ आणि ध. 'धरण' तिला 'घरण' वाटायचं, आणि 'मात' वाचू की 'भात', हे ती आजूबाजूचा अर्थ बघून ठरवायची. माणसं जशी अंधुक दिसणाऱ्या पाहुण्याला आवाजावरून ओळखतात, तशी.

मला मग वेगळाच नाद लागला. मी स्वतः वाचायला कधी आणि कशी शिकले, हे आठवायचा प्रयत्न करू लागले. काहीच आठवेना. नारायणगावला बाजाराला गेले असताना ठरवलं, आज दुकानाच्या पाटीकडं नुसतं बघायचं, वाचायचं नाही. जमेना. नजर पडली की शब्द डोक्यात हजर. डोळे बारीक केले, तिरकं बघितलं, तरी तेच. दुकानदार विचारायला लागला, "ताई, काय पायजे?"

हे मी तिला सांगितलं तेव्हा तिला फारच गंमत वाटली.

"म्हंजी तुमाला पाटी न वाचता बघताच येत न्हाई?"

"नाही येत."

"लई ताप हाय मग तुमच्या डोक्याला."

"असेल. पण तुझंही तसं होईल एक दिवस."

"कवा?"

मी दुसरी पट्टी तिच्या हातात दिली.

मे महिना अर्ध्यावर आला. ती पट्टीवरचा शब्द अक्षर-अक्षर करून वाचायची, पण आपोआप काही व्हायचं नाही. दोनदा मला वाटलं, हे आपल्या हातून होणार नाही. भाऊ शेडनेटच्या दाराशी येऊन बघायचे आणि म्हणायचे, "मॅडम, रोपाला वरनं ओढून ते वाढतंय व्हय!" मला त्यांचा राग यायचा.

मग एका शनिवारी मुली घरी गेल्या. तिला पिंपळवंडीहून नारायणगाव, तिथून मंचर, आणि मंचरहून डिंभ्याची एसटी असा प्रवास असायचा. डिंभ्याची गाडी म्हणजे आली तर आली. संध्याकाळी मी अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते तर अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मॅडम, मी बोलतीय. मी लोणीत हाय."

मला आधी कळेचना. मंचरहून डिंभे पश्चिमेला, डोंगराकडं. लोणी बरोबर उलट्या दिशेला, तालुक्याच्या पूर्व टोकाला. तिथं तिचं कुणी नव्हतं.

"लोणीत? तिथं काय करतेस?"

"पाटीवर लोणी लिवलं व्हतं."

"अगं, मग?"

"मग बसले."

दुसऱ्या कुणीतरी फोन घेतला. एका बाईचा आवाज होता. "घाबरू नका ताई. माझी इथं स्टँडसमोर पिठाची गिरणी हाय. पोरगी माझ्यापाशी बसलीय. परतीची गाडी गेली म्हनून रडवेली झाली व्हती, आता चहा पितीय. पर कुणीतरी या न्यायला."

मी तशीच भाऊंकडे धावले. ते नुकतेच आंघोळ करून बसले होते. काही न विचारता त्यांनी पिकअपची किल्ली उचलली. गाडीत बसल्यावर मात्र विचारलं, "चुकीच्या गाडीत बसली म्हना की. वाचता येत न्हाई ना तिला?"

"भाऊ," मी म्हटलं, "मला वाटतं बरोबर गाडीत बसली."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मलाच ऊन बाधलं असावं.

डिंभ्याला तिच्या घरी फोन नव्हता लागत. शेजारच्या दुकानात लागला. निरोप ठेवला की मुलगी माझ्याजवळ आहे, सकाळी आणून सोडते.

लोणीत पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. गिरणी बंद झाली होती. ओट्यावर ती आणि गिरणीवाल्या बाई बसल्या होत्या, आणि समोरच्या बाजूची दुकानं एकेक करून दाखवत ती वाचत होती. "किरा... किराणा. आणि ते, जनरल. त्याच्या फुडचं मोडलंय." बाई पिठाचे हात पदराला पुसत मान डोलवत होत्या. मला बघून ती उठली आणि रडायलाच लागली. मी रागवायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं.

परतीच्या वाटेवर मी विचारलं. ती मध्ये बसली होती, भाऊ आणि माझ्यामध्ये.

"मंचरला डिंभ्याची गाडी काय यिना. मी नुसती बसले व्हते. एक गाडी लागली. मी काय वाचाया गेले न्हवते, मॅडम. नुसतं बघितलं आन् डोक्यात आलं, लोणी. एकदम. तुमी म्हनला व्हता तसं. मग मला वाटलं, खरंच लोणी हाय का आपल्या मनाचं हाय? कुणाला इचारलं आसतं तर त्यांनी सांगितलं आसतं. पर मग ते त्यांचं झालं आसतं. म्हनून बसले. उतरल्यावर त्या मावशींना इचारलं, ह्ये गाव कुठलं? त्या म्हनल्या, लोणी."

भाऊ गाडी चालवता चालवता हसायला लागले. हसता हसता त्यांनी गाडी कडेला घेतली, डोळे पुसले, आणि मग म्हणाले, "अगं माझे आई, पर जायच्या आधी परतीची गाडी तर इचारायची!"

रात्री ती आमच्याकडेच झोपली. सकाळी भाऊ आणि मी तिला घेऊन डिंभ्याला गेलो. खरी पंचाईत तिथं होती. तिचे वडील धरणात जाळं टाकून मासे धरायचे, आई थोडी जमीन होती ती बघायची. वडील दारातच उभे होते. आम्हाला बसा म्हणाले, पाणी दिलं, पण मुलीकडं बघेनात.

वाटेत मी ठरवलं होतं की चुकून दुसऱ्या गाडीत बसली असं सांगायचं. ते सोपं होतं, आणि कुणालाही पटलं असतं. मी तोंड उघडलं, "दादा, मंचरच्या स्टँडवर गोंधळ झाला, ती चुकून..."

"चुकून न्हाई गेले," ती मागून म्हणाली. "वाचून गेले."

मग वडील मला म्हणाले, "मॅडम, तुमी चार अक्षरं शिकवता, उपकार हायती. पर पोरीची जात. आज लोणीला गेली, उंद्या पुण्याची पाटी वाचंल. न्हाई, मी काय तिला आता परत धाडत न्हाई."

भीती खोटी नव्हती त्यांची. मी एवढंच म्हटलं, "दादा, ती आजवर गाडी कशी ओळखायची, ठाऊक आहे का?"

ते त्यांना ठाऊक नव्हतं. तिच्या आईला होतं. आई चुलीपाशी बसली होती, तिथूनच म्हणाली, "डायव्हरच्या तोंडावरनं. डायव्हर बदलला की घरी यायला अंधार पडायचा, गावची मानसं जमायची वाट बघत बसायची. मला म्हाईत हाय. मी बी तशीच जाते." मग तिनं लेकीला विचारलं, "आता डिंभ्याची पाटी यील का वाचाया?"

"यील. त्यात भ हाय. पर यील."

वडील उठले आणि बाहेर गेले. आम्हाला वाटलं, विषय संपला. पण थोड्या वेळानं त्यांनी बाहेरून हाक मारली, "ये गं इकडं. समदीच या."

धरणाच्या काठाला, त्यांची होडी बांधलेली असायची त्याच्या वरच्या अंगाला, पाटबंधारे खात्याची एक लोखंडी पाटी होती. गंजलेली, पण अक्षरं शाबूत. उन्हाळ्यानं पाणी खूप खाली गेलं होतं, आणि पाटी कोरड्या उतारावर एकटीच उभी होती.

"ह्याच्यावर काय हाय?" वडिलांनी विचारलं.

ती पाटीसमोर उभी राहिली. मी हात मागं बांधून घेतले. तिनं सुरुवात केली, "ज... जला... जलाशयात. पो... पोहणे." मग अडली. पुढचा शब्द ध नं सुरू होत होता. ती म्हणाली, "घो," मान हलवली, परत पहिल्यापासून आली. आम्ही सगळे त्या पाटीकडं बघत होतो. तिच्या आईचे ओठही हलत होते. "धो. धोक्याचे. जलाशयात पोहणे धोक्याचे आहे."

वडील पाटीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आयला! मिसरूड फुटायच्या आधीपासनं मी रोज हितनंच उडी मारतोय की!"

भाऊंना पुन्हा हसू आवरेना. आईनं पदर तोंडाला लावला. वडीलही हसले, पण लगेच गंभीर झाले आणि लेकीला म्हणाले, "गाडीत बसायच्या आदी मॅडमना फोन करायचा. आन् जिथं जायचं ठरलंय तिथलीच पाटी वाचायची."

सोमवारी ती नर्सरीत हजर होती.

त्यानंतर तिचं वाचन झरझर वाढलं असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. काही दिवस शब्द आपोआप यायचे, काही दिवस जणू सगळं विसरून गेल्यासारखी ती पट्टीकडं बघत बसायची. का, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आता इतकी वर्षं शिकवूनही नीट कळलेलं नाही. पण प्रश्न विचारायला ती आता लाजत नव्हती, आणि तिचं बघून इतरांनीही लपवणं सोडलं. तिची ती मैत्रीण एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाली, "मॅडम, मला भागाकार कधी आलाच न्हाई," आणि खाली बसली. त्या दुपारी पहिल्यांदाच कुणी पेंगलं नाही.

जुलैच्या फेरपरीक्षेत ती मराठीत आणि सामाजिक शास्त्रांत पास झाली, गणितात आणि इंग्रजीत राहिली. पुढच्या उन्हाळ्यात ती योजना आली नाही. संस्थेनं कळवलं की निधी मिळाला नाही, आणि तेवढ्यावरच ते संपलं. मला जुन्नरला शाळेत जागा मिळाली. तिथं पहिल्या दिवशी मी मुलांना पुस्तक मिटायला सांगते आणि खिडकीतून दिसेल ते वाचायला लावते. दरवर्षी एखादं तरी मूल सापडतंच, ज्याला नेमकी तेव्हाच तहान लागते.

तिला भाऊंनी नर्सरीत कायम ठेवून घेतलं. ट्रेच्या पट्ट्या आता तीच लिहिते. मध्ये एकदा मिरचीच्या एका अख्ख्या रांगेवर 'भिरची' असं लिहिलं गेलं. अक्षर इतकं देखणं की पुसायचं कुणाच्या मनात आलं नाही. शेतकरी फोन करून विचारायचे, "भाऊ, भिरची तयार झाली का?" गणित तिनं नंतर काढलं, दुसऱ्या खेपेला. इंग्रजी अजून राहिलं आहे.

गेल्या महिन्यात मी टोमॅटोची रोपं न्यायला गेले होते. ती बियाण्याचं पाकीट घेऊन माझ्याकडं आली. पाकिटावरच्या इंग्रजी शब्दांवर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, ह्यो पी हाय, ह्यो एच हाय. दोघं येगळे आसले की प आन् ह. मग शेजारी बसले की फ कसा काय व्हतो?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही गं."

"मग तुमाला कुणी सांगितलं न्हाई का?"

"मी कधी विचारलंच नाही."

ती पोत्याच्या थप्पीवरची जागा हातानं झाडून म्हणाली, "बसा. आज घाई न्हाई ना तुमाला?"